कडेवरचं नाव

या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं. नाव छापू नका म्हणते, तेव्हा छापत नाही. ती लिहिते –

‘ताई, आमच्या ह्यांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण दोन वर्षांपासून जुन्या लढायांतली पदकं जमवण्याचा नाद लागला आहे. रविवार उजाडला की पिशवी घेऊन जुन्या बाजारात. येताना काळपट चकत्या आणतात आणि रात्री अकरापर्यंत भिंग लावून बसतात. माझ्या बरण्यांच्या कपाटातला एक खण त्यात गेला. परवा मी दोन पदकं चिंच लावून लख्ख घासून ठेवली, तर कौतुक राहिलं बाजूला, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घराण्यात कुणी फौजेत नव्हतं. मग परक्यांची पदकं घरात आणून काय मिळतं? मी काय करू?’

पत्र वाचून मला आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. हसू आलं ते चिंचेला. पोटात का कालवलं, ते आधी सांगते, म्हणजे पुढचा सल्ला कुठून आला ते कळेल.

माझं लग्न १९७९ सालचं. पुढच्याच जानेवारीत चांदीचे भाव असे भडकले की काही विचारू नका. अमेरिकेच्या बाजारात वर्षभरापूर्वी औंसाला सहा-सात डॉलर असलेली चांदी पन्नास डॉलरच्या घरात गेली. आमच्या आळीत जिच्यातिच्या तोंडी चांदीच. सासूबाई म्हणाल्या, “पेटीतली मोड काढून ठेव गं, सोनाराकडे जाऊन ये.” मी नवी नवरी, कामाचा उत्साह दांडगा. तुटके वाळे, झिजलेली जोडवी, करंड्याचं झाकण असं सगळं गोळा केलं. तळाशी एका चिंधीत रुपयापेक्षा मोठी, काळी पडलेली एक चकती होती. वर राजाचं तोंड, मळकी फीत लोंबत होती. फीत मी कात्रीने कापून टाकली, चकती मोडीत घातली आणि सगळ्या चांदीची एक छानशी वाटी घडवून आणली.

संध्याकाळी मामंजींनी वाटी पाहिली. चिंधी रिकामी दिसली. एवढंच म्हणाले, “त्याच्या कडेवर आमच्या वडिलांचं नाव होतं.” पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच वाटीत माझ्या दोन्ही मुलांचं उष्टावण झालं. वाटी आजही घरात आहे. हातात आली की त्यात कुणाचं नाव वितळलं आहे ते आठवतं.

पुढे हे बँकेतून निवृत्त झाले आणि पुण्याच्या जुन्या बाजारात खेटे घालू लागले. मीही तुझ्यासारखीच कुरकुरले. “आजोबांचं पदक काही परत मिळायचं नाही,” म्हटलं. तर हे म्हणाले, “ते नाहीच मिळायचं. पण दुसऱ्या कुणाचे आजोबा वितळायच्या आत उचलता येतील.” तुझ्या ‘परक्यांची पदकं कशाला’ या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगलं उत्तर नाही.

आता हे पदक म्हणजे असतं तरी काय, ते पाहू.

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त सापडतात ती पहिल्या महायुद्धाची. १९१४ ते १९१८ या युद्धात आपल्या घाटावरची आणि कोकणातली हजारो माणसं शिपाई म्हणून गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, ते उगाच नाही. १९१५ सालीच परदेशी रणांगणावर पोचलेल्या शिपायाला साधारण तीन पदकं मिळत. एक ब्राँझचा तारा, एक राजाचा मुखवटा असलेलं चांदीचं युद्धपदक आणि एक पंखवाल्या विजयदेवीचं सोनेरी झाक असलेलं पदक. तिकडे विलायतेत या तिघांना वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातल्या कुत्रा, पेंग्विन आणि सशाची नावं पडली होती – पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड. तिघं नेहमी एकत्र, म्हणून!

या तिघांपैकी वितळलं कोण? अर्थातच चांदीचं. ब्राँझला सोनार विचारत नाही. म्हणून जुन्या पेट्यांत तारा सापडतो, विजयदेवी सापडते आणि मधला राजा गायब असतो. ओझी वाहणाऱ्या मजूर-पलटणीतल्या आणि फौजेबरोबरच्या नोकरचाकरांना हेच युद्धपदक चांदीचं न देता ब्राँझचं दिलं. मरणाची भीती सगळ्यांना सारखीच, पण पदकात असा पंक्तिप्रपंच! गंमत अशी, की त्या बिचाऱ्यांचं पदक स्वस्त होतं म्हणून सोनाराच्या मुशीतून वाचलं.

पण या पदकांची खरी किंमत पुढच्या बाजूला नसते. पदक हातात उभं धर आणि त्याची कड दिव्याकडे कर. बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. ताऱ्याला कड नसते, त्याच्या पाठीवर पाहायचं. दुसऱ्या महायुद्धात विलायतेतल्या फौजेला सरकारने बिननावाची पदकं वाटली. हिंदी फौजेच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. म्हणजे आपल्या शिपायाचं पदक हे नुसतं स्मरणचिन्ह नव्हे, ते त्याचं नाव लिहिलेलं एक ओळीचं पत्र आहे. बहुतेकांचं दुसरं लिहिलेलं काही मागे उरलेलंच नाही.

आता तू म्हणशील, यात आपलं बायकांचं काय काम? मलाही तसंच वाटायचं. माझा शिरकाव झाला तो फितीमुळे.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सगळे एकाच साच्याचे, सहा टोकांचे. आफ्रिकेचा कोणता, ब्रह्मदेशाचा कोणता हे ताऱ्यावरच्या इंग्रजी अक्षरांवरून लावायचं, आणि ती झिजली की हे भिंग घेऊन चाचपडत बसायचे. एकदा मी पोळ्या लाटता लाटता लांबूनच म्हटलं, “अहो, त्याचा काठ पाहा ना!” साड्यांचे काठ ओळखण्यात आपला जन्म गेलेला. इरकली, नारायणपेठी, महेश्वरी आपण दुकानाच्या दारातूनच सांगतो. हेही तसंच. आफ्रिकेच्या ताऱ्याची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा भूदलाचा, एका बाजूला गडद निळा आरमाराचा, दुसरीकडे फिका निळा विमानदलाचा. इटलीची फीत त्या देशाच्या निशाणाच्या रंगांची – तांबडी, पांढरी, हिरवी. पहिल्या महायुद्धातल्या विजयपदकाची फीत म्हणजे दोन इंद्रधनुष्यं जोडून विणलेली. फीत मूळचीच असेल आणि काठ ओळखता आले, तर माणूस कुठं लढला ते सांगता येतं.

इटलीची फीत पाहिली की मला आपले दोघे आठवतात. माणगावकडचे यशवंत घाडगे, जुलै १९४४, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, एप्रिल १९४५. दोघेही मराठा पलटणीतले, दोघांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो इटलीत. घाडगे तिथेच पडले. जाधव परत आले. हा क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पर्यंत द्यायचीच सोय नव्हती. त्यांच्यासाठी त्याआधी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा मान होता, कंपनी सरकारने १८३७ साली सुरू केलेला.

आणि बायकांचं काय काम म्हणशील, तर आपल्या देशाचं सर्वांत मोठं पदक रेखाटलं ते एका बाईनेच. सावित्रीबाई खानोलकर. जन्माने स्वित्झर्लंडच्या, १९१३ सालच्या. खानोलकर नावाच्या आपल्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि अशा काही या मातीच्या झाल्या, की आपली पुराणं आपल्याहून जास्त वाचली. स्वातंत्र्यानंतर नव्या पदकांचं काम आलं तेव्हा परमवीर चक्राची कल्पना त्यांनी दधीची ऋषींच्या कथेवरून घेतली. ऋषींनी स्वतःची हाडं दिली, त्यांचं इंद्राने वज्र केलं. म्हणून परमवीर चक्रावर चार वज्रं आहेत. धातू साधं ब्राँझ, सोनं-चांदी नाही. फीत जांभळी, बिनकाठाची. आणि योग पाहा, पहिलं परमवीर चक्र जाहीर झालं ते मेजर सोमनाथ शर्मांना, नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मिरात बडगामला दिलेल्या प्राणांसाठी. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर! आपण रेखाटलेलं पदक आपल्याच लेकीच्या सासरी असं यावं, हे कुणाला वाटलं असेल?

असो. आता चिंचेकडे वळू, कारण घरोघर नुकसान होतं ते तिथेच.

पदक घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, रांगोळी नाही, दंतमंजन नाही आणि पितळेचं पॉलिश तर नाहीच नाही. समईला जे चालतं ते पदकाला चालत नाही. प्रत्येक घासणीत धातूचा बारीक थर जातो. आधी राजाची दाढी जाते, मग कडेवरचं नाव. जुना काळसरपणा हा मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. फार तर जुन्या धोतराच्या मऊ, कोरड्या फडक्याने हलकेच टिपावं. हातात धरताना कडेला धरावं आणि काम झाल्यावर पुसावं, कारण घामातलं मीठ धातूला डाग पाडतं.

ठेवताना रबरबँड लावू नये, लोकरीच्या कापडात गुंडाळू नये. दोन्हींत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते. रद्दीचा कागद नको, स्वस्तातलं चिकट प्लास्टिक नको. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत किंवा मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या आम्लरहित कागदात ठेवावं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. बुटांच्या खोक्यातून येते तीच, आपण फेकून देतो ती. डांबराच्या गोळ्या पदकांच्या डब्यात नकोत.

फीत धुवायची नाही आणि इस्त्री करायची नाही. रंग एकमेकांत उतरतात. फारच विरली असेल तर नवी फीत मिळते, पण जुनी पाकिटात घालून पदकाजवळच ठेवावी. मी कात्रीने कापली, तुम्ही कापू नका. पदकाबरोबर एखादं डिस्चार्जचं पुस्तक, सनद किंवा पोस्टकार्ड आलं तर ते वेगळं काढू नये. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवावा.

नाद म्हटला की पैसा आला. आमच्या घरी पहिले सहा महिने यावरूनच खटके उडाले. शेवटी एक ठरलं. दर महिन्याला ठराविक रक्कम एका डब्यात पडायची, त्यात असेल तेवढंच, उधारी नाही. आणि घेण्याआधी दोघांनी पाहायचं. दुसऱ्या नियमाचा फायदा फार झाला, कारण पुरुषमाणूस आवडीच्या वस्तूपुढे भोळा होतो आणि आपल्याला भाजी घेताना वळून दोन गाड्या पाहायची सवय असते.

फसवाफसवी या बाजारातही आहेच. ओतीव नकला येतात, त्यांची अक्षरं मऊ, बुजल्यासारखी दिसतात आणि अंगावर बारीक खळगे असतात. मूळ नाव कानशीने घासून दुसरं भारी पलटणीचं नाव कोरलेली पदकंही येतात. अशी शंका आली तर मोजपट्टी लावायची. पहिल्या महायुद्धाचं युद्धपदक बरोबर ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. कड घासलेली असेल तर तेवढं भरत नाही. आणि एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तसा १९७२ चा कायदा आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांना आता शंभर वर्षं उलटून गेली. परदेशातला कुणी गिऱ्हाईक मोठी रक्कम दाखवू लागला, तर त्या फंदात पडू नका.

आमच्या घरची वाटणी अशी आहे. बाजारात जाणं आणि नावं वाचणं ह्यांच्याकडे. फिती, साठवण आणि वही माझ्याकडे. वहीत एका पदकाला एक पान. कुठे मिळालं, कितीला, कडेवर काय आहे आणि त्या माणसाबद्दल पुढे काय कळलं. हा शेवटचा रकाना भरण्यासाठीच सगळा खटाटोप.

तो कसा भरतो, त्याचं एकच उदाहरण सांगते.

काही वर्षांपूर्वी ह्यांना जुन्या बाजारात एक चांदीचं युद्धपदक मिळालं. कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि ‘११७ मराठाज’. मला लढाया फारशा कळत नाहीत, पण हे एकदम उठून उभे राहिले. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात सापडलेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, सुटकेला आलेली फौज पोचू शकली नाही आणि शेवटी सगळे कैद झाले. आमच्या संग्रहातलं सर्वांत मोलाचं पदक ते. हे रात्री उठूनसुद्धा पाहायचे.

युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवणारा राष्ट्रकुलाचा एक युद्धसमाधी आयोग आहे, १९१७ पासूनचा. त्याची नोंदवही आता इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. इराकातल्या बसरा स्मारकाच्या यादीत चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत, बहुतेक आपल्या हिंदी फौजेतली. माझ्या सुनेने नंबर घातला आणि नाव निघालं. १९१६ साली मृत्यू. पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सातारा. ते गाव आमच्या घरापासून मोटारीने चार तासांवर!

२०१८ साली, त्या युद्धाला शंभर वर्षं पुरी झाली तेव्हा आम्ही गेलो. वाटेत ह्यांनी मला दोनदा बजावलं, “नुसतं दाखवायचं हं. परत द्यायची भाषा काढू नकोस.” मी काही बोलले नाही. मीही मनात तेच म्हणत होते.

आडनावावरून विचारत विचारत घर सापडलं. ओसरीवर ऐंशी-पंच्याऐंशीच्या एक आजी बसल्या होत्या. त्या शिपायाच्या पुतण्याची बायको. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर म्हणाल्या, “व्हय, थोरल्या आत्याबाईंचं मालक बसऱ्याच्या लढाईत गेलं, ते आलंच न्हाईत. बाई तवा सोळा-सतराच्या. पोर न्हाई, बाळ न्हाई. आमच्या मालकाला त्यांनीच वाढवलं.”

मग त्या आत गेल्या आणि देवघरातून ब्राँझची एक जड तबकडी घेऊन आल्या, तळहाताहून मोठी. तिच्यावर कुंकवाचा जाड थर. “ही आत्याबाईंची देवी.” ह्यांनी ती पाहिली आणि माझ्याकडे वळले. युद्धात पडलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी सरकारने धाडलेली ती स्मृतितबकडी होती. तिच्यावर ब्रिटानिया उभी असते, आणि तिच्यापुढे सिंह. बाई आणि सिंह पाहून त्या माउलीने तिची देवी केली आणि जन्मभर कुंकू लावलं. कुंकवाच्या कडेने उठावाची अक्षरं दिसत होती. पदकावरचं आणि तबकडीवरचं नाव एकच.

“चांदीचा बिल्ला बी व्हता की,” आजी म्हणाल्या. “बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाईंनी सवताच काढून दिला. म्हणाल्या, पोरं उपाशी, आन् ह्यो पेटीत बसून काय करतोय? सोनारानं धा दिसांचं धान्य व्हईल एवढं पैसं दिलं. ह्या देवीला कोन इचारतंय, ही ऱ्हायली.”

मैत्रिणींनो, मी मान खाली घातली. मीही पदक मोडलं आणि तिनेही मोडलं. तिने ते पोरांच्या तोंडी घास घालायला मोडलं. मी न बघता.

ह्यांनी खिशातून पुडी काढली, मलमल उलगडली आणि पदक त्या तबकडीशेजारी ठेवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजींच्या नातवाने चाचरत विचारलं, “काका, किती द्यायचं?” हे म्हणाले, “काही नाही. तुमचंच आहे ते.”

आजींनी पदक उचललं, उलटंसुलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, “बाई, कडेवर नाव हाय म्हन्ता न्हवं? वाचा मोठ्यानं. आत्याबाईंनी कधी मालकाचं नाव घेतलं न्हाई. आमी कुनी ऐकलंच न्हाई घरात.”

मी कड दिव्याकडे धरली आणि वाचलं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दोनदा वाचलं.

परतताना गाडीत आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग हे म्हणाले, “वहीतलं पान फाडू नकोस.” पान आहे. डब्यातला तो कप्पा रिकामा आहे, त्यात मी एक चिठ्ठी ठेवली आहे – ‘घरी पोचलं.’

आमचा सगळाच संग्रह असा घरोघर पोचेल असं नाही. जे परत आले त्यांची गावं त्या नोंदवहीत नसतात, आणि कडेवर गाव लिहिलेलं नसतं. काही घरांत दारातूनच ‘आम्हाला नको’ म्हणतात, तेही ऐकून घ्यावं लागतं. पण नाव वाचलं जातं, एवढं खरं.

तेव्हा भगिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी चिंचेबद्दल ह्यांची माफी माग, त्यात कमीपणा नाही. मग येत्या रविवारी त्यांच्याबरोबर बाजारात जा. पैशाचा डबा ठरव आणि वही स्वतःच्या हातात घे. एकदा का एखाद्या नावाचं गाव शोधायला लागलीस की अकरा केव्हा वाजले ते तुलाही कळायचं नाही. नाद दोघांचा झाला की तो खर्च वाटत नाही, संसारातलाच एक भाग होतो. पुण्याला येणं झालं तर खडकीच्या युद्धस्मारकात दोघं जाऊन या. तिथेही पहिल्या महायुद्धातली अठराशेहून जास्त नावं आहेत.

आणि बाकीच्या मैत्रिणींना एक विनंती. दिवाळीची आवराआवर येईल, चांदीचा भाव चढेल, पेटीच्या तळाशी एखादी काळी चकती हाताला लागेल. ती मोडीत घालण्याआधी कड दिव्याकडे धरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा आणि नाव मोठ्याने वाचा. त्यानंतर काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

बरण्यांसाठी दुसरा खण मिळेल गं. नाही मिळाला तर मला पुन्हा पत्र टाक.